हार्ड डिस्क दगा देते तेव्हा: आधी कॉपी, मग शोधाशोध

लग्नाचे फोटो, मुलांच्या लहानपणीचे व्हिडिओ, सोसायटीचे हिशेब, कुणाचं पीएच.डी.चं काम. डिस्क उघडेनाशी झाली की हे सगळं परत मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या तासातच ठरतं. आणि त्या तासात जवळपास सगळे एकच करतात. केबल काढून परत लावतात, दुसऱ्या पोर्टला लावतात, शेजाऱ्याच्या लॅपटॉपला लावतात आणि शेवटी नेटवर पहिलं दिसेल ते रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून रात्रभर स्कॅनला लावून झोपतात. फाइल नुसती चुकून डिलीट झाली असेल तर यातलं बरंचसं खपून जातं. पण डिस्कच आजारी असेल तर ती त्या एका रात्रीत कायमची जाऊ शकते.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं हा प्रश्न नंतरचा. नेमकं काय बिघडलंय हे आधी ओळखायला हवं. डिस्क ठणठणीत असून फक्त फाइली गेल्यात, की डिस्क वाचताना अडखळतेय, की ती चालूच होत नाही? पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअर उत्तम काम करतं. दुसऱ्यात ते फार जपून वापरावं लागतं. तिसऱ्यात त्याचा काहीच उपयोग नाही.

डिलीट केलेली फाइल कुठे जाते?

मुंबईतल्या बहुतेक जुन्या सोसायट्यांत लिफ्टजवळ नावांची पाटी असते. भाडेकरू गेला म्हणून सेक्रेटरीने पाटीवरचं नाव पुसलं तरी फ्लॅटमधलं कपाट, पलंग लगेच नाहीसे होत नाहीत. नवा भाडेकरू सामान घेऊन आला की जुनं बाहेर पडतं. फाइल डिलीट करणं म्हणजे पाटीवरचं नाव पुसणं.

डिस्कवर फाइली मांडण्याच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद 'मास्टर फाइल टेबल' नावाच्या तक्त्यात असते. एकेक नोंद साधारण १०२४ बाइटची. रीसायकल बिन रिकामा केला की नोंदीवर 'आता वापरात नाही' अशी खूण होते आणि फाइलची जागा मोकळी म्हणून जाहीर होते. फाइलचं नाव, आकार, डेटा डिस्कवर कुठेकुठे पडलाय, हे बरेचदा तसंच राहतं. त्यामुळे एनटीएफएसवरून नुकतीच उडालेली फाइल नावासकट परत मिळण्याची शक्यता चांगली असते.

पेन ड्राइव्हवर बरेचदा फॅट३२ पद्धत असते. तिथे डिलीट करताना नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण बसते आणि फाइलचा पुढचा तुकडा कुठे आहे ही साखळीच पुसली जाते. रिकव्हरीनंतर काही नावांचं पहिलं अक्षर गायब दिसतं ते यामुळे. साखळी नसल्यामुळे सॉफ्टवेअरला अंदाज करावा लागतो की सगळे तुकडे ओळीने लागून असावेत. फाइल तशी ठेवलेली असेल तर अंदाज बरोबर येतो. ती विखुरलेली असेल तर फोटोचा वरचा भाग नीट आणि खालचा भाग भलत्याच फोटोचा, असं काहीतरी हाती लागतं.

फॉरमॅटचंही असंच आहे. 'क्विक फॉरमॅट' फक्त नवी पाटी लावतं, आतलं सामान बहुतांश तसंच असतं. पण विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट केलं की अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर, कितीही महाग असलं तरी, काही आणू शकत नाही.

यातून एकच गोष्ट पाळायची: ज्या डिस्कवरून फाइल गेली तिच्यावर आता काहीही लिहायचं नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तिच्यावर इन्स्टॉल करायचं नाही आणि मिळालेल्या फाइलीही तिच्यावर ठेवायच्या नाहीत. फाइल सी ड्राइव्हवरून गेली असेल तर लॅपटॉप बंदच करावा, कारण विंडोज स्वतः सतत काही ना काही लिहीत असतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडावी आणि तिथून शोधावं.

एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, मात्र हे गणित मोडतं. एसएसडीला 'ट्रिम' नावाचा आदेश कळतो. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला सांगतं की इतकी जागा आता लागणार नाही, आणि एसएसडी सवडीने ती आतून साफ करते. ट्रिम झालेल्या जागेतून वाचायला गेलं की साधारणपणे शून्यंच हाती येतात. काही नव्या पोर्टेबल हार्ड डिस्कही, ज्यांत डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारं एसएमआर तंत्र असतं, ट्रिम मानतात. त्यामुळे 'हार्ड डिस्क आहे, मिळेलच' असं आता छातीठोकपणे सांगता येत नाही. जुन्या अनुभवावर विसंबून कुणी खात्री देत असेल तर डिस्कचं मॉडेल तपासायला सांगा.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. आजच्या फोनमधली साठवण एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते, त्यामुळे 'डिलीट झालेले फोटो परत आणा' म्हणणाऱ्या ॲपवर वेळ घालवू नका. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. आयफोनच्या 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस. तिथे पाहा आणि घरातल्या ज्यांना तो फोटो पाठवला होता त्यांच्याकडे विचारा.

डिस्क आजारी आहे हे कसं कळतं?

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. टेबलावरून पडणं, लोकलच्या रॅकवरून बॅग खाली येणं, चालू असताना कुणाचा तरी पाय केबलला लागणं, एवढ्यानेही हेड तबकडीला टेकतं. तबकडीवरचा डेटा ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो. सेक्टर नीट वाचता आला नाही की डिस्क तोच परत परत वाचायचा प्रयत्न करते, कधी कित्येक सेकंद. तेवढा वेळ विंडोज थिजल्यासारखं बसून राहतं.

खुणा ओळखीच्या आहेत. फोल्डर उघडायला काही मिनिटं लागतात, कॉपी दर वेळी त्याच टक्क्यावर अडकते, डिस्क मधेच दिसेनाशी होते आणि परत येते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतः नोंदवलेली प्रकृती दाखवतं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या क्रमांकांच्या ओळी पाहा. ०५ म्हणजे खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून संशयात ठेवलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. सी५ शून्याच्या वर गेला असेल तर पुढचं सगळं काम डिस्क आजारी आहे असं धरूनच करायचं.

अशा डिस्कवर सर्वात जास्त नुकसान विंडोजच्या मदतीला धावून येण्यामुळे होतं. डिस्क जोडताच 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' अशी खिडकी येते. ती रद्द करायची. 'स्कॅन अँड फिक्स' आलं तर तेही रद्द. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासण्याचं साधन अजिबात चालवायचं नाही, कितीही जणांनी सुचवलं तरी. चेकडिस्कचं काम डिस्कची नोंदवही सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाइली वाचवणं हे नाही. नोंद जुळत नसेल तर ते नोंदच काढून टाकतं, तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नावाशिवाय टाकतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहून करतं. फोटोंचं फोल्डर नुसतं उघडून बसणंही टाळा, कारण छोटी चित्रं दाखवण्यासाठी विंडोज एकेक फोटो वाचत सुटतं.

आधी अख्ख्या डिस्कची प्रत

आजारी डिस्कमध्ये अजून किती तास शिल्लक आहेत, कुणालाच माहीत नसतं. ते तास फाइली शोधण्यात घालवायचे नाहीत. आधी पूर्ण डिस्कची, सेक्टर ते सेक्टर, एक प्रत काढायची. तिला इमेज म्हणतात. मग मूळ डिस्क बाजूला ठेवायची आणि सगळी शोधाशोध त्या प्रतीवर करायची. प्रतीवर दहा सॉफ्टवेअर चालवा, हरकत नाही.

हे काम करणारं माझ्या मते सर्वात भरवशाचं साधन म्हणजे ग्नू डीडीरेस्क्यू. आंतोनियो दियास दियास यांनी ते लिहिलंय आणि ते पूर्णपणे मोफत आहे. नेहमीची कॉपी पहिल्या सेक्टरपासून सरळ पुढे जाते आणि खराब जागा आली की तिथेच डोकं आपटत राहते. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत चांगली, पटकन वाचता येणारी जागा उचलतं आणि अडखळलं की उडी मारून पुढे जातं. मग उलट्या दिशेने येतं. खराब पट्ट्यांच्या कडा ते त्यानंतर कुरतडतं आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर सुटा वाचून पाहतं.

याने किती फरक पडतो ते पाहा. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली तर पावणेतीन तासांत काम होतं. वेग ५० केबीवर आला तर त्याच डिस्कला साडेसात महिन्यांहून जास्त लागतील, आणि तेवढं ती जगणार नाही. म्हणून जे सहज मिळतंय ते आधी घ्यायचं.

दादरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरची पोर्टेबल डिस्क अशीच टेबलावरून पडलेली होती. "दादा, दुकानात म्हणाले फॉरमॅट मारून देतो, परत नव्यासारखी चालेल," तो सांगत होता. चालली असती कदाचित, पण दोन लग्नांचे फोटो त्यात होते आणि दोन्ही घरांना अल्बम द्यायचे होते. डिस्क लावली तेव्हा ती ओळखली गेली, आवाज साधा होता. डीडीरेस्क्यू सुरू केलं. त्याच्या काळ्या पडद्यावर मोजक्या ओळी असतात: आत्तापर्यंत किती वाचलं, किती जागेला अजून हातच लागलेला नाही, सध्याचा वेग काय, आणि शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला. ही शेवटची ओळ पाहत बसावी लागते. सुरुवातीला वेग ९०-९५ एमबी होता, मग अचानक काही केबीवर घसरला, बारीक टकटक ऐकू आली, डीडीरेस्क्यूने उडी मारली आणि वेग परत वर चढला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चांगला पट्टा, खराब पट्टा, चांगला पट्टा, असं ठरावीक अंतराने. अशी नियमित पट्टेदार नक्षी दिसली की समजायचं, अनेक हेडपैकी एक हेड कमजोर झालंय. बाकीच्या हेडखालचं सगळं उचलून घेतलं आणि खराब पट्ट्यांच्या मागे न लागता तिथेच थांबवलं. एका लग्नाचे जवळपास सगळे फोटो त्या प्रतीतून निघाले. दुसऱ्याचे अर्धेमुर्धे मिळाले, आणि उरलेल्यांसाठी तो डिस्क उघडून डेटा काढणाऱ्या लॅबमध्ये ती घेऊन गेला. कमजोर हेडकडून बळजबरीने वाचून घेतलं असतं तर ते तबकडी खरवडण्याचा धोका होता आणि मग लॅबच्याही हाती काही उरलं नसतं.

डीडीरेस्क्यूचा आणखी एक मोठा आधार म्हणजे मॅपफाइल. कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला, कुठला खराब, याची ती साधी नोंद आहे. वीज गेली, डिस्क तापली म्हणून बंद केली, केबल बदलली, तरी तीच मॅपफाइल दिली की काम सोडलं तिथून सुरू होतं. मॅपफाइल न देता डीडीरेस्क्यू कधीही चालवू नका. आणि ती आजारी डिस्कवर ठेवू नका.

व्यवहारात हे करायला सिस्टमरेस्क्यू नावाची लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करावा. तिच्यात डीडीरेस्क्यू तयार असतं आणि ती जोडलेल्या डिस्कला आपणहून हात लावत नाही. प्रत ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी डिस्क लागते. फाइली २०० जीबीच्याच असल्या तरी १ टीबीच्या डिस्कची प्रत पूर्ण १ टीबी मागते, त्यामुळे २ टीबीची घ्या. आतली डिस्क असेल तर यूएसबीऐवजी कॉम्प्युटरच्या आतल्या, डिस्कसाठीच्या साटा केबलने थेट जोडा. अडखळणाऱ्या डिस्कसमोर स्वस्तातले यूएसबी अडॅप्टर लगेच हात टेकतात. पोर्टेबल डिस्क डब्यातून काढायची घाई मात्र करू नका: काही मॉडेलमध्ये यूएसबीचं सर्किटच डेटा एन्क्रिप्ट करतं आणि डबा वेगळा केला की सगळं निरर्थक दिसतं.

या पूर्ण प्रकारात एकच जागा खरोखर जीवघेणी आहे. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं असतात. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर लिहिली जाईल. आकार, मॉडेल आणि लेबलवरचा सीरियल नंबर तिन्ही जुळवून पाहिल्याशिवाय एंटर दाबू नका. जवळ कुणी असेल तर त्यालाही मोठ्याने वाचून दाखवा.

प्रतीवर शोध

आता नेहमीची रिकव्हरी सॉफ्टवेअर कामाची. त्यांच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत सॉफ्टवेअर उरलेसुरले तक्ते आणि नोंदी शोधून फोल्डरची जुनी रचना उभी करतं. यात नावं, तारखा, फोल्डर मिळतात. पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा सी, डी असा अख्खा भागच, गायब झालं असेल तर टेस्टडिस्क हे मोफत साधन बरेचदा ते काही मिनिटांत परत दाखवतं. डीएमडीई, आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर ही या पद्धतीतली मुरलेली नावं आहेत.

नोंदीच उरल्या नसतील तर दुसरी पद्धत: डेटा पाहून फाइल ओळखायची. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक असते. जेपेग फोटो नेहमी त्याच बाइटनी सुरू होतो, पीडीएफच्या तोंडाशी पीडीएफ असं लिहिलेलंच असतं, आणि वर्डची नवी फाइल आतून झिप असल्यामुळे झिपची खूण दाखवते. टेस्टडिस्कबरोबरच येणारं फोटोरेक अख्खी डिस्क चाळून अशा खुणा शोधतं. दोन्ही क्रिस्तोफ ग्रनिए यांची. फोटोरेकचं नाव फसवं आहे, ते शेकडो प्रकारच्या फाइली काढतं. पण मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, हजारो फाइली क्रमांकाने समोर येतात. फोटोंच्या आत तारीख असते, तिच्या आधारे त्या लावता येतात.

पैसे भरायचे असतील तर आधी मोफत आवृत्तीत स्कॅन करून फाइलचा प्रीव्ह्यू पाहा. फोटो प्रीव्ह्यूमध्ये दिसला तर तो निघेल. नुसती नावांची लांबलचक यादी पाहून कार्ड काढू नका. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नको. आयुष्यभराचे फोटो ज्या मशीनवर आणायचेत तिथे व्हायरसला जागा देण्यात अर्थ नाही.

डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. नव्या लॅपटॉपमध्ये ती बरेचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. की नसेल तर प्रत कितीही स्वच्छ निघाली तरी तिच्यातून काही वाचता येणार नाही.

जिथे सॉफ्टवेअर थांबतं

डिस्क लावल्यावर लयीत कट-कट आवाज येतो, किंवा ती फिरतच नाही, किंवा जळका वास येतो, तर ती लगेच काढा आणि परत लावू नका. हे हेड, मोटर किंवा सर्किटचं काम आहे. लॅबमध्ये धूळमुक्त जागेत डिस्क उघडतात आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून ती तेवढ्यापुरती चालवतात. नेटवर तशीच डिस्क मागवून तिचं सर्किट बसवण्याचा सल्ला मिळतो. तो जुन्या काळात चालायचा. आताच्या डिस्कमध्ये प्रत्येक डिस्कपुरती वेगळी माहिती त्या सर्किटवरच्या चिपमध्ये असते, ती चिप हलवल्याशिवाय डिस्क चालत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणं तर विसराच. मुंबईच्या दमट हवेत बाहेर काढताच तबकड्यांवर दव धरतं.

पाण्यात बुडालेल्या डिस्कचंही तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्यांत पाणी शिरलं आणि कॉम्प्युटर चिखलाच्या पाण्यात राहिले. अशी डिस्क वाळवून लावून पाहण्याचा मोह आवरा. आत सुकलेला गाळ आणि क्षार हेडला तबकडी खरवडायला लावतात. लॅबवाले ती ओलसरच, बंद पिशवीत घालून आणायला सांगतात.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, ग्रँट रोड स्टेशनच्या आसपास डिस्क दुरुस्त करून देतो म्हणणारे खूप आहेत. त्यांतले काही खरोखर जाणकार असतात, काही फक्त तेच सॉफ्टवेअर चालवतात जे तुम्ही घरी चालवू शकता. फरक कळायला दोन प्रश्न पुरतात. 'आधी इमेज काढता का?' आणि 'हेड बदलायचं काम इथेच होतं की बाहेर पाठवता?' उत्तर गुळमुळीत आलं तर डिस्क उचलून घरी या. डेटा नाही मिळाला तर पैसे किती, हे आधी लिहून घ्या. ज्याच्या हाती डिस्क देताय तो आतलं सगळं पाहू शकतो, हेही धरून चाला.

मिळालेल्या फाइली उघडून पाहा

नाव आणि आकार बरोबर असले म्हणजे फाइल बरोबर आहे असं नाही. खराब सेक्टरच्या जागी प्रतीत मोकळी जागा असते, त्यामुळे फोटो अर्ध्यावर करडा होतो किंवा एक्सेल उघडत नाही. महत्त्वाच्या फाइली एकेक उघडून बघा, आणि ते होईपर्यंत मूळ डिस्क टाकू नका.

कॅमेऱ्याची बॅटरी मधेच गेल्यामुळे न उघडणारा व्हिडिओ बरेचदा शाबूत असतो, फक्त त्याची अनुक्रमणिका शेवटी लिहायची राहून गेलेली असते. अनट्रंक नावाचं मोफत साधन त्याच कॅमेऱ्याचा एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून घेतं आणि ती अनुक्रमणिका नव्याने बांधतं.

जुन्या मराठी फाइलींबाबत विशेष सांगायचंय. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची आजची सामायिक पद्धत, येण्याआधी गिरगाव-दादरच्या छापखान्यांत, शाळांत, मंडळांत मराठी टाइप व्हायचं ते श्री-लिपी किंवा आयएसएम या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये. त्या पद्धतीत मराठी अक्षरं प्रत्यक्षात रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली असत. अशी फाइल आज उघडली की नुसती विचित्र चिन्हं दिसतात, आणि ती रिकव्हरीतून आलेली असल्यामुळे 'बिघडली' म्हणून लोक ती उडवतात. उडवू नका. चिन्हं ओळीने, नेहमीसारख्या शब्दांच्या लांबीची दिसत असतील तर मजकूर जवळपास नक्की शाबूत आहे. हवा आहे तो फक्त जुना फॉन्ट. त्याच प्रतीत विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर शोधा, बरेचदा तो तिथेच सापडतो. तो बसवला की स्मरणिकेतला लेख जसाच्या तसा वाचता येतो, आणि मग कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणून ठेवता येतो.